दीड मिनिटाचा ट्रेलर आणि विहिरीतला खडा

चित्रपटगृहात मूळ चित्रपट सुरू होण्यापूर्वी पुढे येणाऱ्या चित्रपटांचे काही निवडक तुकडे दाखवतात. त्याला ट्रेलर म्हणतात हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण या शब्दाचा मूळ अर्थ 'मागून येणारा' असा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. मोटारीच्या मागे जोडलेल्या बिनइंजिनाच्या गाडीलाही आपण ट्रेलरच म्हणतो. प्रारंभीच्या काळात हे तुकडे मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून त्यांना हे नाव पडले. चित्रपट संपला की लोक उठून घरी जातात, हे मालकांच्या लवकरच ध्यानात आले. तेव्हा मागचा ट्रेलर पुढे आला. नाव मात्र जुनेच राहिले.

आता कोणी विचारील, विज्ञानाच्या मासिकात ट्रेलरचे काय काम? त्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम एका वाटाण्याची गोष्ट सांगतो.

वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट

१९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. भारतीय कथेवर चित्रपट काढावयाचा हा त्यांचा निश्चय होता, पण जवळ पैसा नव्हता. 'चित्र हलते' हे सांगून धनिकांना पटेना. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढत असताना महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली. ती सलग दाखवली तेव्हा मातीतून कोंब वर येतो, पाने फुटतात आणि वेल वर चढतो, हे सारे सुमारे एका मिनिटात पडद्यावर घडले. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचे नाव. तो पाहून मोजक्या लोकांना विश्वास वाटला, कर्ज मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

येथे थोडे गणित करू. महिना म्हणजे ३० दिवस, म्हणजेच २५ लाख ९२ हजार सेकंद. ते ६० सेकंदांत बसवले, तर काळ ४३,२०० पटींनी आकुंचित झाला. डोळ्यांना न दिसणारी मंद घटना फाळक्यांनी दिसण्याजोगी केली. पुढे काय येणार आहे त्याचा नमुना थोडक्यात दाखवून समोरच्याचा विश्वास मिळवणे हेच ट्रेलरचे काम असेल, तर 'अंकुराची वाढ' हा एका अर्थाने ट्रेलरच होता. आणि तो होता निव्वळ विज्ञानाचा!

आमचा प्रयोग कसा फसला

आमच्या तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत नववीच्या मुलामुलींनी गावच्या विहिरीवर वीस मिनिटांचा चित्रपट काढावयाचे ठरवले. नोव्हेंबर ते मे दर महिन्याला विहिरीतील पाण्याची पातळी मोजावयाची, त्या कामाचे चित्रीकरण करावयाचे, आणि मे महिन्यात देवळासमोरच्या पटांगणात गावाला दाखवावयाचे, अशी योजना होती. शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मला मदतीस बोलावले. कॅमेरा म्हणजे बाईंचा फोन. लोकांनी पाहावयास यावे म्हणून जानेवारीतील पालकसभेत दीड मिनिटाचा ट्रेलर दाखवावा, ही सूचना मात्र माझी होती.

तो ट्रेलर साफ फसला. वर्गात ट्यूबच्या उजेडात घेतलेल्या दृश्यांत काळे आडवे पट्टे वर सरकत होते. विहिरीवर बोलणाऱ्या मुलीचा आवाज दूरच्या मोटारपंपाच्या आवाजात बुडाला होता. एक वयस्क शेतकरी म्हणाले, "पोरांनो, दिसतंय ते हलतंय आणि ऐकू काहीच येईना." आणि ते उठून गेले. त्यांच्यामागे आणखी काही उठले.

मुलांचे चेहरे उतरले. खरी चूक माझी होती. वीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवतो, पण फोन हातात आल्यावर त्यातले पदार्थविज्ञान विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यासमोर बसलो आणि प्रत्येक दोषाचे कारण शोधू लागलो. तीच हकीकत पुढे देत आहे.

पट्टे कोठून आले?

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. बोलपट आल्यापासून चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवण्याची रीत आहे. जुन्या पुस्तकांत याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे एका शब्दात देत. एका चित्राचा ठसा डोळ्यात क्षणभर टिकतो हे खरे, आणि त्यामुळेच झपाट्याने होणारी उघडझाप आपल्याला जाणवत नाही. परंतु लागोपाठच्या दोन स्थिर चित्रांतील फरकावरून 'वस्तू हलली' असा बोध घडवण्याचे काम मेंदू करतो, हे आता आपल्याला माहीत आहे. डोळा आणि मेंदू दोघांचा यात वाटा आहे.

आता दिव्याकडे वळू. आपल्या घरातील प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा महत्तम होतो आणि दोनदा शून्य. म्हणून साध्या चोकची ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

फोनचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ क्रमाने वाचतो. समजा, प्रत्येक ओळ १/६० सेकंद प्रकाश गोळा करते. तेवढ्या वेळात दिवा १०० ÷ ६० म्हणजे १ पूर्णांक २/३ वेळा लुकलुकतो. काही ओळींच्या वाट्याला उजेडाचे दोन माथे येतात, काहींच्या वाट्याला एकच. पहिल्या ओळी उजळ, दुसऱ्या काळपट. हाच तो पट्टा! शिवाय सेकंदाला ३० चित्रे घेतली, तर दोन चित्रांच्या दरम्यान लुकलुकणे ३ पूर्णांक १/३ वेळा होते. म्हणून पट्टा प्रत्येक चित्रात थोडा सरकलेला दिसतो.

उपाय साध्या भागाकारात आहे. प्रकाश गोळा करण्याचा काळ १/५० सेकंद ठेवला, तर प्रत्येक ओळीला बरोबर २ लुकलुकी मिळतात. १/१०० ठेवला तर बरोबर १. सर्व ओळींना सारखाच वाटा, म्हणून पट्टा नाही. सेकंदाला २५ चित्रे घेतली तर आणखी चांगले, कारण दोन चित्रांत बरोबर ४ लुकलुकी बसतात. ३० आणि ६० हे आकडे अमेरिकेसारख्या, ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांना सोयीचे आहेत. अनेक फोनमध्ये हे आकडे हाताने बदलता येतात. ज्या फोनमध्ये येत नाहीत, त्याने दिवे मालवून खिडकीच्या उजेडात चित्रण करावे. सूर्य लुकलुकत नाही.

उजेड जवळ आणा

खिडकीपाशी बसलेल्या मुलाचा चेहरा चित्रात काळा का येतो? कारण कॅमेरा खिडकीबाहेरच्या प्रखर उजेडानुसार स्वतःला जुळवून घेतो. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे किंवा बाजूला असावी, बोलणाऱ्याच्या पाठीमागे नसावी. चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारी राहिली, तर तिकडे थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा धरावा. तो प्रकाश विखरून परत पाठवतो.

लहान दिवा वापरावयाचा असल्यास अंतराचा वर्ग ध्यानात ठेवा. दिवा १ मीटरवरून २ मीटरवर नेला, की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, एक-चतुर्थांश होतो.

विहिरीच्या तळाशी उजेड पोचवणे ही आमची सर्वांत मोठी अडचण होती. विहिरीचा व्यास ४ मीटर. आमच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य डोक्यावरून सुमारे ४२ अंश कललेला असतो. त्या वेळी ऊन काठापासून साडेचार मीटरपेक्षा खाली उतरत नाही. हे तुम्ही त्रिकोणमितीने पडताळून पाहा. मे महिन्यात मात्र एक दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि दुपारी ऊन थेट तळाला भिडते. मुलांनी तोड काढली ती मोठ्या आरशाची. एकीने आरशाने कवडसा विहिरीत टाकला आणि दुसऱ्याने कठड्याआडून चित्रण केले. आरसा कोणाच्या डोळ्यांवर रोखावयाचा नाही, कठड्यावरून ओणवे व्हावयाचे नाही, फोन दोरीने बांधलेला असावा आणि कोणी तरी मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे, हे नियम आम्ही प्रथमच वहीत लिहून काढले होते.

आवाज कोठे हरवला?

जानेवारीत फोन बोलणाऱ्या मुलीपासून २ मीटर ४० सेंटिमीटर अंतरावर होता. उघड्या जागी आवाजाची तीव्रताही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तोच ध्वनिग्राहक तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर असता, तर अंतर ८ पटींनी कमी झाले असते आणि आवाज ६४ पट तीव्र मिळाला असता. दूरचा पंप मात्र दोन्ही वेळी सारखाच ऐकू आला असता. म्हणून 'मोठ्याने बोल' असे ओरडण्यापेक्षा ध्वनिग्राहक जवळ नेणे शहाणपणाचे.

मग आम्ही दोन फोन वापरले. एक चित्र घेणारा, दुसरा मुलीच्या खिशात आवाज टिपणारा. आता चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ते जुळवावयाचे कसे? येथे चित्रपटवाल्यांची जुनी युक्ती कामी येते. प्रत्येक दृश्याच्या आरंभी ते पाटीवरची फळी आपटतात. फळी मिटल्याचे चित्र आणि 'टक' असा आवाज ही दोन्ही एका रेषेत आणली, की पुढचे सारे जुळते. आमच्याजवळ पाटी नव्हती. मुलीने दोन्ही हात कॅमेऱ्याला दिसतील असे धरून एक टाळी वाजवली, तेवढे पुरले.

टाळी आवाज टिपणाऱ्या फोनच्या जवळच वाजवावी. का ते पाहा. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एका चित्राचा काळ ०.०४ सेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा एका चित्राच्या काळात आवाज १३.६ मीटर जातो. टाळी २७ मीटरवर वाजली, तर तिचा आवाज दोन चित्रे उशिरा येईल, आणि त्या हिशोबाने जुळवलेले सारे बोलणे ओठांच्या पुढे-मागे होईल.

कागदावरचा चित्रपट

पहिल्या वेळी आम्ही आधी चित्रण केले आणि मग काय दाखवावयाचे ते ठरवले. दुसऱ्या वेळी क्रम उलटला. ट्रेलर म्हणजे चित्रपटाचा सारांश नव्हे. सारांश ऐकला की उत्सुकता संपते. ट्रेलरने एकच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात ठेवावयाचा असतो. तो प्रश्न एका वाक्यात लिहिता येईना, तर कॅमेरा हातात घेऊ नये.

आमचा प्रश्न असा होता: नोव्हेंबरात काठापासून ३ मीटरवर असलेले पाणी मे महिन्यात ११ मीटरवर गेले, मधले ८ मीटर पाणी कोठे गेले?

यानंतर मुलांनी एका कागदावर चौकोन आखले, प्रत्येकात एक दृश्य रेखाटले आणि खाली सेकंद लिहिले. तो आराखडा असा:

१. वजन बांधलेली मोजपट्टी विहिरीत उतरते: ८ सेकंद.
२. नोव्हेंबरात टाकलेला खडा: ६ सेकंद.
३. सात महिन्यांची सात छायाचित्रे, प्रत्येकी १ सेकंद: ७ सेकंद.
४. मे महिन्यात टाकलेला खडा: ७ सेकंद.
५. विहिरीशेजारच्या आजींचे बोलणे: २० सेकंद.
६. मोटारपंप, उसाचे शेत, हंड्यांची रांग: १२ सेकंद.
७. मुले मोजमाप वहीत टिपताना: १५ सेकंद.
८. प्रश्न: ७ सेकंद.
९. दिवस, वेळ, ठिकाण: ८ सेकंद.

एकूण ९० सेकंद, म्हणजे २२५० चित्रे. प्रत्येक दृश्य सरासरी पाच वेळा घ्यावे लागेल असे धरले. फोन सेकंदाला १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट माहिती साठवतो असे मानले, तर ९० × २ × ५ म्हणजे ९०० मेगाबाइट जागा हवी. फोन भरल्यामुळे ऐन वेळी चित्रण थांबू नये म्हणून हा हिशोब आधी करावा.

तिसऱ्या दृश्यासाठी कॅमेरा दर महिन्याला त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच दिशेला असावा लागतो. मुलांनी नोव्हेंबरातच कठड्यावर रंगाने खूण केली होती. नाही तर पाणी उतरले की कॅमेरा सरकला, हेच कळले नसते. फाळक्यांच्या कुंडीसमोरच्या कॅमेऱ्यालाही हीच शिस्त पाळावी लागली असणार.

दोन खड्यांची शांतता

या ट्रेलरचा प्राण म्हणजे दुसरे आणि चौथे दृश्य. कल्पना एका मुलीची. ती म्हणाली, "सर, बोलायचंच नाही. नुसता खडा टाकायचा आणि ऐकायचं." सुदैवाने दर महिन्याच्या मोजमापाबरोबर खड्याचा आवाज टिपून ठेवण्याचे काम मुलांनी नोव्हेंबरापासूनच चालू ठेवले होते. ग्रामपंचायतीची परवानगी होती, आणि खडा लहान व धुतलेला असे.

काठावरून सोडलेला खडा पाण्यापर्यंत पोचण्यास लागणारा काळ आपण सूत्रावरून काढू शकतो. अंतर = १/२ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग. ३ मीटरसाठी काळ येतो ०.७८ सेकंद. पाण्याचा 'डुबुक' आवाज वर येण्यास ३ ÷ ३४० म्हणजे ०.०१ सेकंद. एकूण ०.७९ सेकंद, म्हणजे २० चित्रे. ११ मीटरसाठी खाली जाण्यास १.५० आणि आवाज वर येण्यास ०.०३, एकूण १.५३ सेकंद, म्हणजे ३८ चित्रे. लहानशा खड्याला हवेचा अडथळा एवढ्या अंतरात फारसा होत नाही, म्हणून तो सोडून दिला आहे. मुलांनी टिपलेला आवाज चित्रे मोजून तपासला, तेव्हा उत्तर एखाद्या चित्राच्या फरकाने जुळले. त्या दिवशी वर्गात जो जल्लोष झाला, तो ट्रेलरला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा मला मोलाचा वाटतो.

पण येथे एक खुबी आहे. पाण्यापर्यंतचे अंतर ३ वरून ११ मीटर झाले, म्हणजे पावणेचार पटींच्या जवळ गेले. परंतु शांततेचा काळ जेमतेम दुप्पट झाला. काळ अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून कान आपल्याला खोली कमी भासवतो. प्रेक्षकाचा गैरसमज होऊ नये यासाठी दोन्ही दृश्यांत कोपऱ्यात '३ मीटर' आणि '११ मीटर' असे आकडे लिहिणे आम्हांला भाग पडले.

खरे सांगितले तर कोण येणार?

सर्वांत मोठा वाद आठव्या दृश्यावरून झाला. गटप्रमुख मुलगा हुशार आणि तळमळीचा. त्याने पडद्यावर लिहावयाचे वाक्य तयार करून आणले होते: 'पाच वर्षांत गाव कोरडे पडणार!'

मी विचारले, "हे कशावरून?"

"सर, पाणी आठ मीटर खाली गेलंच की."

"अरे, ते दर उन्हाळ्यात जातंच. मागच्या मे महिन्यात किती होतं?"

"ते मोजलं नव्हतं."

"मग यंदा जास्त खाली गेलं की कमी, हे कसं ठरवणार?"

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, पण नुसता प्रश्न विचारला तर कोण येणार? जानेवारीत सगळे उठून गेले होते. भीती दाखवली तर तरी येतील."

त्याचे म्हणणे वाटते तितके पोरकट नव्हते. लोक आले नाहीत, तर सात महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. मी त्याला पुन्हा फाळक्यांकडे नेले. 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरात करताना ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असे लोकांना सांगितले गेले, असे म्हणतात. त्या काळच्या चित्रपटाच्या फितीत एका फुटात १६ चित्रे बसत. तेव्हा ५७ हजार चित्रांची फीत भरते सुमारे ३५६० फूट. त्या चित्रपटाची नोंदलेली लांबी ३७०० फूट आहे, म्हणजे चित्रांचा आकडा बराचसा बरोबर. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! तेवढी फीत भरावयास १ लाख ६९ हजार चित्रे लागतील. लांबी जवळजवळ तिप्पट सांगितली गेली.

मुलगा हसला. "मग त्यांचं चाललंच की सर."

"चाललं, कारण फीत कोणी मोजणार नव्हतं आणि करमणुकीत त्यानं कुणाचं बिघडत नव्हतं. तुझं वाक्य ऐकून उद्या कुणी कर्ज काढून नवी विहीर खणली तर? आणि पाचव्या वर्षी विहीर भरलेली दिसली, की तुझ्या खऱ्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

भूजलाचा कल सांगावयाचा तर त्याच विहिरीची त्याच महिन्यातील पातळी निरनिराळ्या वर्षांत मोजावी लागते. महाराष्ट्र शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच करते. ठरावीक महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजून ती मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. आमच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते. त्यांवरून आम्ही एवढेच म्हणू शकत होतो की, विहिरीच्या घेरातले ८ मीटर पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर; प्रत्यक्षात उपसा याहून अधिकच झाला असणार, कारण झरे विहीर भरतच असतात.

त्या रात्री मुलाने आपले वाक्य खोडले आणि प्रश्न ठेवला. आजींचे बोलणेही तसेच ठेवले. त्या म्हणाल्या होत्या की, त्या लग्न होऊन आल्या त्या साली चैत्रात विहिरीची सातवी पायरी दिसत असे. ही आठवण आहे, मोजमाप नव्हे. म्हणून त्याखाली 'आजींची आठवण' असे लिहिले. त्यांची संमती आधी घेतली आणि संकलन झालेला तुकडा त्यांना प्रथम दाखवला. पार्श्वसंगीत म्हणून कोणत्याही चित्रपटातले गाणे उचलले नाही, कारण त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. रहाटाची कुरकुर आणि खड्याचा आवाज एवढेच संगीत आम्हांला पुरले.

प्रसिद्धी हाही प्रयोगच

ट्रेलर तयार झाला तरी तो योग्य माणसापर्यंत पोचला पाहिजे. जानेवारीत आम्ही तो पालकसभेच्या शेवटी, निघण्याच्या घाईत दाखवला होता. मागून येणाऱ्या ट्रेलरची जी गत शंभर वर्षांपूर्वी झाली, तीच आमचीही झाली होती! या वेळी मुलांनी विचारले, शेतकरी रोज निवांत कोठे उभे राहतात? उत्तर आले, दूध संकलन केंद्रावर रांगेत. मग सलग तीन सकाळी तेथे, केंद्राच्या परवानगीने, लहान पडद्यावर ट्रेलर दाखवला. एस. टी. थांब्यावर आणि पिठाच्या गिरणीत हाताने रंगवलेली भित्तिपत्रके लावली. पालकांच्या फोनवरही ट्रेलर पाठवला.

कोणता उपाय लागू पडला हे कळावे म्हणून पटांगणात येणाऱ्या प्रत्येकाला दोन मुली एकच प्रश्न विचारीत: "तुम्हांला हे कोठे कळलं?" उत्तरापुढे वहीत रेघ ओढत. दूध केंद्रासमोर सर्वांत जास्त रेघा पडल्या. फोनवर पाठवलेला ट्रेलर पाहून आलेले त्या मानाने थोडेच होते.

पटांगण भरले. जानेवारीत उठून गेलेले शेतकरीही आले होते. चित्रपट संपल्यावर त्यांनीच विचारले, "पोरांनो, पुढच्या मे महिन्यात किती असेल?"

गटप्रमुख उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ते आत्ता सांगता येणार नाही. पुढच्या मे महिन्यात मोजायला लागेल."

त्यावर थोडी कुजबुज झाली आणि मग ठरले की, दर महिन्याची पातळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावयाची. जूनपासून तो तक्ता भिंतीवर आहे. मुले आता दहावीत गेली आहेत. मोजपट्टी नववीच्या नव्या गटाकडे आली आहे.

करून पाहा

१. ट्यूबच्या उजेडात फोनने चित्रण करा. काळ १/६०, १/५० आणि १/१०० सेकंद ठेवून पट्ट्यांत काय फरक पडतो ते नोंदवा.

२. मित्राला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे करून टाळी वाजवावयास सांगा. चित्र आणि आवाज यांत किती चित्रांचा फरक येतो ते मोजा आणि त्यावरून आवाजाचा वेग काढा.

३. मूग पेरून दर तासाला एक छायाचित्र घ्या. पाच दिवसांची चित्रे सेकंदाला २४ या गतीने दाखवली, तर चित्रपट किती सेकंदांचा होईल?

४. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात स्थिर दिसला. त्याची गती मिनिटाला निदान किती फेऱ्या असू शकेल? (सूचना: दोन चित्रांच्या दरम्यान एका पात्याची जागा दुसऱ्याने घेतली, तर कॅमेऱ्याला फरक कळत नाही.)